जेटीनं नेकशी बोलणं सोडलं तेव्हा

फेरीबोटीवर माझ्या गाडीचं दार उघडेना.

दार काही बिघडलं नव्हतं. ब्रूनी बेटावरून केटरिंगला येणाऱ्या फेरीवर गाड्या दाटीवाटीनंच लावतात, आणि त्या दिवशी माझ्या उजव्या अंगाला चिखलानं माखलेली एक निळी यूट, मागं उघडा हौदा असलेली गाडी, अशी येऊन चिकटली की मधून हातसुद्धा सरळ जाईना. जुलैचा, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातला पाऊस आडवातिडवा झोडपत होता. चार शब्द सुनवावेत म्हणून मी काच खाली केली... तर समोर एक कुत्री. तपकिरी, ओली आणि अतिशय प्रेमळ.

"जरा गाडी पलीकडे घ्या की!" मी तिलाच म्हणाले.

"तिला चालवता येत नाही," कुत्रीच्या मागून आवाज आला. "मला येतं, पण फेरी सुटलीय. आता वीस मिनिटं तुम्ही आमच्या ताब्यात."

मग तो पुढे वाकला. भिजून कपाळाला चिकटलेले केस, कोपराला फाटलेला स्वेटर, आणि हसताना एकाच गालाला पडणारी खळी. एकाच! दुसऱ्या गालानं काय घोडं मारलं होतं कुणास ठाऊक. मी रागावायचं ठरवलं होतं, ते जरा लांबणीवर टाकलं.

"बेटावरच्या माणसांना गाडी लावायला कोण शिकवतं?"

"आई. आणि तुम्हा पलीकडच्या काठाच्यांना रागवायला?"

"ते आमचं उपजतच असतं."

"दिसतंय," तो म्हणाला, आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यानं तो कुत्रीच्या नाकासमोरून माझ्याकडे पुढे केला. त्याची बोटं गरम होती. चहामुळेच असणार... नाहीतर कशामुळे?

तो डूगल. बेटावर पावसाच्या पाण्याच्या टाक्या असतात, त्यांचे पंप दुरुस्त करतो. मी सांगितलं की मी शिडं आणि होड्यांची आच्छादनं शिवते, आज बेटावरच्या ॲडव्हेंचर बे या गावी एक बसवून परत चाललेय. नाव सांगायचं राहिलं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"मग आज आमच्या बाजूला कुणाचा पंप बिघडला?" मी विचारलं.

"पंप नाही, डोकं. वुडब्रिजला नेरिडा म्हणून एक बाई आहे. तिनं आमच्या अख्ख्या बेटाला घराबाहेर काढलंय."

चहा माझ्या घशातच अडकला.

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या खाडीच्या दोन्ही काठांची माणसं गप्पा मारतात त्या कुणा बड्या कंपनीच्या अंगणात नव्हे. आमचे आपापले सर्व्हर आहेत, चार हौशी माणसांनी पदरमोड करून चालवलेले. आमच्या वुडब्रिजच्या काठाचा 'जेटी', बेटाचा 'नेक'. मालक कुणी नाही. घर आपलं, नियम आपले, आणि एका घरातला माणूस दुसऱ्या घरातल्याशी मजेत बोलू शकतो. पण शेजार नकोसा झाला तर त्या अख्ख्या घराला दार लावता येतं. मग तिकडचं अक्षर इकडे येत नाही, इकडचं तिकडे जात नाही. जेटीची किल्ली आम्हा तीन मॉडरेटरांकडे असते. पाच आठवड्यांपूर्वी ती फिरवली होती मी.

कारण? मांजरं! बेटावर चाळीस ठिपक्यांची पार्डलोट नावाची अंगठ्याएवढी पाखरं उरलीत, जगात फार थोडी. मांजरं रात्री घरात बांधावीत की मोकळी सोडावीत यावरून दोन्ही काठांची जुंपली. नेकवरचे दोघेजण वाटेल ते बोलले. माझं डोकं फिरलं, आणि दोघांपायी मी तीनशे माणसांना दार लावलं. वर एक जाहीर निवेदनही ठोकलं.

"कशी आहे म्हणे ती बाई?" मी अगदी साळसूदपणे विचारलं.

"खडूस असावी. पण..." तो कुत्रीचे कान कुरवाळत थांबला. "लिहिते फार सुंदर. पाखरांबद्दल लिहिते तेव्हा वाटतं, हिच्यासोबत एकदा रानात जावं. त्या निवेदनात ती बाई कुठं हरवली, तेच विचारायला चाललोय."

मी काही बोलणार, तोच फेरी धक्क्याला लागली आणि पिवळ्या कोटातला माणूस ओरडला, "नेरिडा! झोपलीस का? काढ गाडी!"

डूगलनं माझ्याकडे पाहिलं. मी झाकण परत दिलं.

"खडूस," मी म्हणाले, "पण चहाबद्दल आभारी आहे."

* * *

तो यूट घेऊन माझ्या मागोमाग आला. माझ्या शिवणखोलीच्या दारात टोपी पिळत उभा राहिला. कुत्री मात्र न विचारता आत येऊन शिडाच्या कापडावर आडवी झाली. तिचं नाव बिस्किट.

"तुम्हाला एक विनंती आहे," तो म्हणाला. आता चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "नेक मी सांभाळतो. आमच्याकडे एक रीत आहे. कुणाच्या लिहिण्याबद्दल तक्रार आली की मी ते पुसत नाही. त्या माणसाच्या घरी जातो, आणि ते त्यालाच मोठ्यानं वाचायला सांगतो. माझ्या तोंडावर."

"एवढंच?"

"एवढंच. पुढं काय करायचं ते ज्याचं तो ठरवतो."

"मला माहीत आहे मी काय लिहिलंय."

"लिहिलंय ते माहीत असेल. ऐकलंय का?"

असा राग आला म्हणता! म्हटलं, वाचतेच. फोन काढला आणि ठणकावून सुरुवात केली.

"'बेटावरच्या लोकांना पाखरांचं काय, एकमेकांचंही सोयरसुतक नाही. मांजरं पोसायची आणि मेलेली पिल्लं मोजायची, एवढंच त्यांना...'"

पुढचा शब्द निघेना. त्याच दुपारी ॲडव्हेंचर बे इथं होडीवाल्या म्हाताऱ्याच्या बायकोनं मला शेगडीजवळ बसवून वाटीभर सूप पाजलं होतं, माझे ओले मोजे वाळत घातले होते. आणि समोर उभा होता तो बेटावरचाच माणूस. त्याच्या स्वेटरमधून पाणी ठिबकत होतं. आणि मी त्याला त्याच्याच तोंडावर सांगत होते की तुला कुणाचं काही पडलेलं नाही.

मी फोन उलटा ठेवला.

"इथं बहुतेक सगळे थांबतात," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या ओळीला."

मग त्यानं खरं कारण सांगितलं. बेटावर एटी म्हणून एक म्हातारी आहे. ठार बहिरी, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. वुडब्रिजच्या आपल्या बहिणीशी ती रोज सकाळी आठला लिहून बोलायची. पाच आठवडे बहिणीकडून एक अक्षर नाही. एटीकडे मांजर आहे, तेव्हा त्यापायीच बहिणीनं संबंध तोडले असं तिनं धरून घेतलं होतं. दार बंद झालं की दोन्हीकडच्यांना काही कळवलं जात नाही. ज्यानं माझं निवेदन वाचलं नाही, त्याला समोरचा फक्त गप्प झालेला दिसतो.

"बहिणीचं नाव ऑल्विन," डूगल म्हणाला.

ऑल्विन माझ्या दोन घरं पलीकडे राहते. कमरेच्या ऑपरेशनमुळे तिचं बाहेर जाणं बंद आहे. मागच्याच आठवड्यात तिनं मला कुंपणावरून विचारलं होतं, "एटी का गं बोलत नसेल माझ्याशी?" आणि मी, जेटीची शहाणी मॉडरेटर, म्हणाले होते, "बेटावरची माणसं तसलीच, ऑल्विन."

मला रडू आलं. डूगलनं सांत्वन वगैरे केलं नाही. बिस्किटला हलकेच माझ्याकडे ढकललं.

* * *

आता म्हणाल, मग लगेच का नाही उघडलंस दार? कारण दार लावायला एक मॉडरेटर पुरतो, पण उघडायला सभासदांचं मतदान लागतं. असा आचरट नियम कुणी केला म्हणता? मीच. कुणाच्या दबावाखाली येऊन आपण मऊ पडू नये म्हणून! आता भोगा. मतदान रविवारी, गावाच्या हॉलमध्ये.

दुसरा मॉडरेटर हेडली. कालवं पिकवतो, माणूस सचोटीचा. जेटी आम्ही दोघांनी मिळून उभा केला होता.

"पाच आठवडे किती शांतता आहे बघ," तो मला म्हणाला. "एक भांडण नाही. दार उघडलंस तर मी जाईन, नेरिडा. आणि एकटा जाणार नाही."

त्या रात्री मी जेटीवरचं पाच आठवड्यांचं लिखाण ओळीनं वाचून काढलं. खरंच, भांडण एकही नव्हतं. पहिल्या आठवड्यात लोक म्हणत होते, मांजरं रात्री बांधा. तिसऱ्यात, मांजरवाल्यांना दंड करा. पाचव्यात एकानं लिहिलं होतं की मांजर पाळणारा माणूस मुळात माणूसच नव्हे, आणि खाली साठ जणांनी माना डोलावल्या होत्या. रिकाम्या पिंपात तोंड घालून ओरडावं, तसा आमचाच आवाज आम्हाला मोठा होऊन ऐकू येत होता. आणि जे आधी मधूनच "अहो, पण..." म्हणायचे, ते कधीच गप्प झाले होते. मला त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती, याची लाज वाटली.

इकडे डूगल रोज साडेतीनच्या फेरीनं येऊ लागला. निमित्त चिठ्ठ्यांचं. एटीची ऑल्विनला, ऑल्विनची एटीला. दोघींचा गैरसमज पहिल्याच चिठ्ठीत मिटला आणि दुसरीपासून भांडण सुरू झालं.

"रोजची एकच चिठ्ठी कशी पुरायची?" ऑल्विन कुरकुरायची. "मी सोमवारी टोमणा मारते, ती मंगळवारी उत्तर देते, तोवर माझा राग निवलेला असतो. मला माझे सकाळचे आठ परत हवेत, बाळा."

चिठ्ठी पोचवली की डूगल माझ्या खोलीवर यायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही... बहुधा बुधवारी, मी त्याच्या कोपराला ठिगळ लावत होते तेव्हा.

"स्वेटर काढ म्हटलं तर काढत नाहीस. सुई टोचेल."

"टोचू दे. काढला तर तुझा हात लागायचा नाही."

मी मुद्दाम जरा टोचलीच.

त्यानं मला नेकवरच्या गप्पा दाखवल्या. काय गोंधळ होता! मांजरवाला मर्व्ह आणि पाखरंवाली शिक्षिका रोज सकाळी एकमेकांची उतरवत होते, आणि संध्याकाळी तोच मर्व्ह तिच्या टाकीची गळती विचारत होता. या मर्व्हनंच आम्हाला सगळ्यात वाईट शिव्या दिल्या होत्या. डूगल त्याच्या घरी जाऊन बसला होता. मर्व्हनं दुसऱ्या ओळीला चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "हे मी लिहिलंय?" आता त्यानं मांजरांसाठी परसात जाळी बांधलीय. अजूनही रोज भांडतो, पण जाळीच्या आत मांजरं ठेवून.

"तू कुणालाच काढत नाहीस?"

"काढतो की. एकजण एका मुलीला धमक्या देत होता. त्याला वाचायला नाही बसवलं, सरळ बाहेर. दार लागतंच, नेरिडा. बिनदाराचं घर कुणाला हवंय? फक्त लावताना मागं वळून बघावं, कोण कोण बाहेर राहिलंय."

मला त्याचं फार फार कौतुक वाटलं. सरळच सांगते. पंपांची तेलकट कामं करून हा माणूस संध्याकाळी फेरीची, पेट्रोलची, पावसाची पर्वा न करता कुणा चिडलेल्या अनोळखी माणसाच्या दारात उभा राहतो, आणि त्याला त्याचाच आवाज ऐकवून गुपचूप परत जातो. याचं त्याला कुणी काही देत नाही. बहुतेक वेळा चहासुद्धा नाही.

"थांब," मी म्हणाले. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात त्याचं नाव दिसत होतं. "पांढरा गम... तू आहेस?"

गेल्या वसंतापासून 'पांढरा गम' या निलगिरीच्या झाडाचं नाव घेतलेलं कुणीतरी मला नेकवरून पाखरांच्या नोंदी पाठवायचं. कुठल्या झाडावर किती पार्डलोट, कोणती घरटं बांधतेय. मी त्या उत्तरांची किती वाट बघायचे ते माझं मला ठाऊक! आणि जूनमध्ये तो अचानक गप्प झाला, तेव्हा मी मनातून खट्टू झाले होते. स्वतःच दार लावून, वर पाहुणा येत नाही म्हणून रुसले होते.

डूगल कान लाल करून पडदा मिटायला लागला. मी हात धरला आणि वाचलं.

'नेरिडा, आज नऊ दिसल्या.' 'नेरिडा, आज पाऊस. एकही नाही.' 'नेरिडा, आज अकरा! तू हवी होतीस.'

रोजची एक. अडतीस नोंदी. त्यातली एकही माझ्यापर्यंत आली नव्हती.

"हे पोचत नाही हे तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"नंतर दार उघडलं तरी जुनं काही येत नाही."

"तेही माहीत होतं," तो म्हणाला. "पण पाखरं दिसली की... सांगावंसं तुलाच वाटायचं."

मी सुईत दोरा ओवत बसले. चार वेळा चुकला.

* * *

रविवारी हॉलमध्ये सत्तावन्न माणसं आली. हेडली पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला. डूगलला मत नव्हतं. तो मागे दाराशी उभा होता, ऑल्विनची चाकाची खुर्ची धरून.

मी भाषण लिहून नेलं होतं. ते खिशातच ठेवलं. फोन काढला आणि माझं निवेदन मोठ्यानं वाचलं. या वेळी थांबले नाही. "'...असल्या माणसांशी बोलून आपली तोंडं विटाळू नका,'" इथपर्यंत. माझाच आवाज त्या हॉलमध्ये फार ओंगळ वाटला.

"हे मी लिहिलं," मी म्हणाले. "आणि जेटीवरच्या दोनशे जणांनी मला शाबासकी दिली. तिनं मी फुगले. चूक त्या दोघा मांजरवाल्यांची होती, शिक्षा ऑल्विनला झाली. मी चुकले."

हेडली उठला. "आणि ते पुन्हा शिव्या द्यायला आले तर?"

"देणाऱ्याला काढू. त्याच्या गावाला नाही."

"इथं शांतता होती, नेरिडा."

"शांतता नव्हती रे. आपल्याला 'नाही' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं."

मग मागून ऑल्विनचा आवाज आला, "माझ्या बहिणीकडे मांजर आहे. आंधळं आहे, चौदा वर्षांचं. ते काय पाखरं धरणार? आधी त्याला बशी तरी सापडू दे!" कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग बरेच हसले.

एकतीस विरुद्ध सव्वीस. दार उघडायचं ठरलं.

हेडलीनं शब्द पाळला. तो गेला, सोबत वीसेक माणसंही गेली, आणि महिन्याभरात त्यांनी आपला वेगळा सर्व्हर उभा केला. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण आमच्या या जगाचं मला कौतुकही याचंच आहे—पटलं नाही तर माणसाला आपलं घर बांधता येतं. त्याच्या घराला मी दार लावलेलं नाही.

त्या रविवारी तिथंच, हॉलच्या टेबलावर, मी नेकचं कुलूप काढलं. ऑल्विननं घाईघाईनं आपला फोन पाहिला आणि तिचा चेहरा पडला. "एटी दिसत नाहीय गं! यादीच रिकामी!"

"तुटलेले धागे आपोआप जुळत नाहीत," मी तिला समजावलं. "नव्यानं विचारावं लागतं. पहिल्या दिवसासारखं."

"या वयात?" म्हणत तिनं विनंती पाठवली. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग फोन किणकिणला. एटीनं लिहिलं होतं, 'सकाळचे आठ कधीच वाजून गेले. कुठं होतीस?'

ऑल्विन हसत होती की रडत होती, देव जाणे.

मी बाहेर आले. पाऊस थांबला होता, खाडीवर पांढुरकं ऊन होतं. डूगल कठड्याला टेकून फोन हातात घेऊन उभा होता. माझ्या यादीतही तो उरला नव्हता. त्याच्या यादीत मीही नव्हते.

"नव्यानं विचारावं लागतं म्हणालीस," तो म्हणाला.

"हो."

"फोनवर विचारू?"

"मी समोर उभी आहे, डूगल."

त्यानं फोन खिशात टाकला. दोनदा घसा खाकरला. रागावलेल्या माणसांच्या दारात बेधडक उभा राहणारा हा गडी, त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"मला तू आवडतेस, नेरिडा. बेटावर हे सगळ्यांना ठाऊक आहे. एटीला, मर्व्हला, फेरीबोटीवरच्या माणसाला... बिस्किटलासुद्धा. फक्त तुमच्या बाजूला बातमी पोचत नव्हती."

मी त्याच्या ठिगळ लावलेल्या कोपराला धरून त्याला जवळ ओढलं.

"पोचली," मी म्हणाले.